मेज आणि शून्य

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेचे माप आहे : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. शिवाय फुलांच्या ५० माळांची तरतूद. २७० आणि ५० यांतील चिमुकले वर्तुळ म्हणजे भारतात कोरलेल्या शून्याच्या अत्यंत जुन्या खुणांपैकी एक होय.

आमच्या बैठकीत कॉफीसाठी सागवानी मेज करावयाचे ठरले, तेव्हा सुताराने देवळासारखे खांब व कमानी कोरण्याचे सुचविले. परंतु नक्कल केल्याने वस्तू प्राचीन होत नाही. मी बागेचे प्रमाण घेतले. एका हाताला चार मिलिमीटर. म्हणजे लांबी १०८ सेंटिमीटर, रुंदी ७४.८.

"पंचाहत्तर धरू या, मास्टरसाहेब. दोन मिलिमीटर कुणाला दिसणार?"

मी त्याला मंदिरात नेले. ते वर्तुळ वगळले, तर २७० हातांची बाग २७ हातांचीच उरते, हे दाखविले. परतल्यावर त्याने फळी पुन्हा मोजली.

मेजावर नक्षी नाही. माप मात्र खरे आहे.