पहिल्या वर्षाला काय घ्यावं?

नात्यातली मुलं अमेरिकेत शिकायला गेली की पहिल्याच सत्रात विचारतात, "मला कॉम्प्युटर करायचाय, मग हा इतिहास नि तत्त्वज्ञान कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण जुना आहे.

१८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ग्रीक, लॅटिन, गणिताची सक्ती त्यांनी ४० वर्षांत जवळजवळ मोडून काढली. शतक संपता संपता पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन तेवढं सक्तीचं उरलं. अठरा वर्षांच्या पोराला आपलं हित कळतं, हा त्यांचा विश्वास. मास्तरकी केलेल्या माणसाला या विश्वासाचं कौतुकही वाटतं आणि धाकधूकही! मुलं सोपे तास शोधतात, अशी टीकाकारांची ओरड होतीच. १९०९ मध्ये आलेल्या लॉवेल यांनी मग मधला मार्ग काढला : एका विषयात खोल जा, बाकीचे वेगवेगळ्या गटांतून उचला. आज मुलांच्या हाती पडणारी यादी त्याच वळणाची.

कोलंबियाने १९१९ मध्ये उलट वाट धरली, समकालीन संस्कृतीवरचा एकच अभ्यासक्रम सगळ्यांना.

त्याआधी, १९१३ ते १९१६, तिथे बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. अर्थात पदव्युत्तर वर्गात, त्यामुळे ही सक्ती त्यांना नव्हतीच. विषय अर्थशास्त्र, तरी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे तास त्यांनी घेतले. तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी ऋण मानलं ते या ड्यूईंचं, आपले शिक्षक म्हणून.