यकृतातील गळू आणि रंगूनचे शवविच्छेदनगृह



यकृतात गळू झाले की आपल्याकडील वैद्यकाचा पहिला संशय अमीबावर जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनची टोचणी प्रचारात आणली आणि हा विकार औषधाच्या आटोक्यात येऊ लागला. परंतु त्याच वर्षी, यकृताला ग्रासणाऱ्या एका निराळ्याच जंतूची वार्ताही याच देशातील नियतकालिकाने दिली होती. तिच्याकडे आपले लक्ष दीर्घकाळ गेले नाही.

1911 मध्ये ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. रंगूनच्या रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर व त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी शवविच्छेदने करीत. मॉर्फियाच्या व्यसनात खंगलेल्या काही निर्धन माणसांची फुप्फुसे, यकृत व प्लीहा पुवाने भरलेली त्यांना आढळली. चित्र घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासारखे होते. पण ग्लँडर्सचा जंतू निश्चल असतो. हा मात्र गतिमान होता व प्रयोगशाळेत झपाट्याने वाढत होता. एवढ्या भेदावरून त्यांनी नवा रोग ओळखला आणि 1912 मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये तो जाहीर केला. 1921 मध्ये स्टँटन व फ्लेचर यांनी त्यास ‘मेलिऑयडोसिस’ हे नाव दिले. व्यवहारात ‘व्हिटमोरचा रोग’ हे नाव रूढ झाले. कृष्णस्वामी विस्मृतीत गेले.

हा जंतू भातखाचरांच्या ओल्या मातीत राहतो, हे पुढे उमगले. जखमेतून, श्वासातून वा दूषित पाण्यातून तो शरीरात शिरतो, पावसाळ्यात बळावतो आणि मधुमेही माणसास विशेषेकरून गाठतो. यकृतात तो मधाच्या पोळ्यासारखे, अनेक कप्प्यांचे गळू करतो. अमीबावरील औषध त्यावर चालत नाही, क्षयावरील नेहमीचे उपचारही नाहीत. 1989 मध्ये थायलंडमधील उबोन रात्चथानी येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. सेफ्टाझिडिम या औषधाने गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण 74 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आले होते.

भातशेती, पाऊस व मधुमेह, तिन्ही आपल्याकडे विपुल. तरीही मुंबईतील एका बालरुग्णाची नोंद 1991 मध्ये झाली, तेव्हा ती अपूर्वाई वाटली. पुढे उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीतून असे रुग्ण सातत्याने नोंदले गेले. तेव्हा पावसाळ्यात एखाद्या मधुमेही शेतकऱ्याच्या यकृतात गळू दिसले, तर त्यातील पू जंतुपरीक्षेस पाठवावा. आणि उगवलेला जंतू किरकोळ समजून टाकून देऊ नये. कृष्णस्वामींच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन कोणते?