निवाडा: एका शब्दाचा अर्थसंकोच

इंग्रजीतील ‘डिसाइड’ या क्रियापदाच्या मुळाशी शस्त्र आहे. लॅटिनमधील ‘दे’ म्हणजे दूर, वेगळे आणि ‘कायदेरे’ म्हणजे कापणे. यांच्या संयोगातून ते घडले. ‘होमिसाइड’मधील ‘साइड’ याच कुळातला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा आरंभीचा अर्थ वादाची तड लावणे असा होता. माणसाने आपल्या मनाशी काही ठरवणे हा अर्थ पुष्कळ नंतरचा.

मराठीतील ‘निवाडा’ची प्रतिमा वेगळी आहे. तो ‘निवडणे’चा सहोदर, तांदळातले खडे वेचणारी क्रिया त्याच्या पोटात आहे. फारसीमार्गे आलेल्या ‘फैसला’चे अरबी मूळही वेगळे करणे हेच सांगते. समीक्षेला इंग्रजीत जे नाव आहे, त्यामागील ग्रीक ‘क्रिनेइन’चा अर्थही वेगळे करणे, निवडणे असाच आहे. मात्र कापण्यात तुकडा तुटतो, निवडण्यात प्रत्येक दाणा आधी पाहावा लागतो.

शिवकाल-पेशवेकालातील वतनाच्या तंट्यांत या पाहण्याला संस्थारूप होते. गोतसभेपुढे उभय पक्षांच्या तकरिरा आणि साक्षी होत. महजरावर उपस्थितांच्या निशाण्या उमटत, त्यांत पाटलाचा नांगर असे. हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. म्हणजे नाकारलेला पक्षही दस्तऐवजात उरत असे. या सभा समतेच्या नव्हत्या. जात आणि वतन यांची उतरंड तेथे होतीच. तरीही निर्णय सर्वांदेखत घडत असे.

1894च्या भूसंपादन कायद्याच्या मराठी व्यवहारात ‘निवाडा’ हा शब्द जिल्हाधिकाऱ्याने चौकशीअंती जाहीर करावयाच्या मोबदल्याच्या आदेशाला मिळाला. 1 जानेवारी 2014पासून नवा कायदा लागू झाला, तरी शब्द टिकला. पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेकाठी वसलेल्या मांजरीसारख्या शहरालगतच्या गावाला त्याचा हाच अर्थ अधिक जवळचा. येथे जमीनधारक हरकत नोंदवतो, निवडणारा मात्र एकटा अधिकारी असतो. 30 जून 2021च्या शासकीय अधिसूचनेने मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले आणि तेथील ग्रामपंचायत संपली.

शब्द तोच राहिला. त्यातला समुदाय गळाला. ‘निवाडा’ म्हणत असताना व्यवहारात उरला तो ‘डिसाइड’मधील छेद. शब्दाच्या या अर्थसंकोचात सत्तेच्या स्थलांतराचा इतिहास साठलेला आहे.