कोलकात्याच्या जुन्या घरातील दोन नळ

उत्तर कोलकात्यातील जुन्या घराच्या अंगणात, बंगालीत ज्याला ‘कलतला’ म्हणतात त्या जागी, पुष्कळदा दोन नळ शेजारीशेजारी दिसतात. एक टालाच्या टाकीतून येणाऱ्या पिण्याच्या पाण्याचा, दुसरा न गाळलेल्या गंगेच्या पाण्याचा. नोकरीनिमित्त या शहरात बिऱ्हाड करणाऱ्या मराठी माणसाला हे कोडेच वाटते. त्याचे उत्तर नगर-प्रशासनाच्या इतिहासात आहे.

या दोन व्यवस्थांपैकी गंगेच्या पाण्याची अधिक जुनी. १८२० मध्ये चांदपाल घाटावर लहानसा पंप बसवून नदीचे पाणी उघड्या पाटांतून रस्त्यांवर शिंपडण्यासाठी नेले जाऊ लागले. पिण्यासाठी मात्र तळी आणि विहिरी हाच आधार होता. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळाले. कोलकात्याला १८७० मध्ये पलता येथून, वाळूच्या थरातून गाळलेले. पुढे १९०९ ते १९११ या काळात टाला येथे सुमारे ११० फूट उंचीवर ९० लाख गॅलनची पोलादी टाकी उभी राहिली. तरीही न गाळलेल्या पाण्याचे जाळे मोडले नाही. विल्यम क्लार्क यांच्या योजनेनुसार १८५९ पासून बांधलेली भुयारी गटारे वाहती ठेवण्यास, संडास व रस्ते धुण्यास आणि आग विझविण्यास विपुल पाणी लागे. त्यासाठी गाळलेले पाणी खर्च करणे परवडणारे नव्हते. दोन पाणी, दोन नळ हा हिशेब त्या काळी चोख होता.

पण ही व्यवस्था एका गृहीतावर उभी होती : कोणता नळ कोणता, हे घरातील कोणाला तरी ठाऊक असेल. कालांतराने घरांच्या वाटण्या झाल्या, भाडेकरू आले, एका स्वयंपाकघराची चार झाली. प्रत्येक वेळी नवा मिस्त्री आला आणि हाताशी असलेल्या नळाला नवा फाटा जोडून गेला. असा एक चुकीचा जोड दोन्ही पाणी एकत्र आणू शकतो. शिवाय पुरवठा ठरावीक वेळीच होतो, तेथे दाब उतरला की गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. जुना लोखंडी नळ आतून गंजाने भरत जातो. बाहेरून धड दिसणाऱ्या नळातून करंगळीएवढीच धार येते.

जबाबदारीचा प्रश्न याहून बिकट. रस्त्याखालच्या मुख्य नळाची देखभाल पालिका करते; घरात शिरलेल्या नळाची मालकाने करावयाची असते. मालक म्हणतो, भाड्यात एवढा खर्च निघत नाही; भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. परिणामी सार्वजनिक नळाचे नकाशे कचेरीत असतात आणि खाजगी नळाचा नकाशा केवळ वृद्ध मिस्त्रीच्या स्मरणात. तो गेला की भिंत फोडल्याखेरीज काही कळत नाही.

म्हणून जुन्या घरात प्रथम हातोडा उचलू नये, कागद घ्यावा. एकेक झडप बंद करून कोणता नळ कोरडा पडतो ते पाहावे व त्याची नोंद करावी. दोन्ही पाण्यांचे नळ दोन रंगांनी रंगवावेत. शिशाचा जुना तुकडा पिण्याच्या वाटेवर आढळल्यास तो बदलावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळाला तांब्याचा नळ थेट जोडू नये. सांध्याशी लोखंड लवकर गंजते. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल, तर गळती घरातच आहे.

टालाची टाकी बांधणाऱ्यांनी तिचे चार कप्पे केले. त्यामुळे शंभर वर्षांनी दुरुस्ती निघाली तेव्हा एकेक कप्पा रिकामा करता आला आणि शहराचे पाणी चालू राहिले. घरातही प्रत्येक मजल्याला स्वतंत्र झडप असली, तर एका सांध्यासाठी सारे घर कोरडे ठेवावे लागत नाही. दुरुस्तीची सोय बांधतानाच करावी लागते आणि तिची नोंद पुढच्या पिढीच्या हाती द्यावी लागते. पालिकेच्या कामाला लागू असलेला हा नियम घरालाही तितकाच लागू आहे. जुन्या घरात राहणाऱ्याने ती नोंद केली नाही, तर अंगणातील दोन नळांपैकी पिण्याचा कोणता, हे पुढच्या बिऱ्हाडाला सांगणारा कोणी उरणार नाही.