दहा डॉलरचा हिरा

ग्रॅफाइट आणि हिरा, दोन्ही कार्बनच! ग्रॅफाइटचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे नुसते टेकलेले, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. सुमारे १ लाख वातावरणांचा दाब, १६०० अंशांची उष्णता आणि वितळलेल्या धातूची सोबत मिळाली, की थर मोडतात; प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरतो.

१६ डिसेंबर १९५४ ला जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉलने हे केलं. (स्वीडनच्या आसेआ कंपनीला १९५३ मध्येच जमलं होतं, पण ती गप्प बसली!) हॉलला बक्षीस काय, तर १० डॉलरचा बाँड. वर त्याच्याच यंत्रावर सरकारी गुप्ततेचा शिक्का. १९५५ मध्ये तो नोकरी सोडून प्राध्यापक झाला आणि वेगळ्याच रचनेचं यंत्र बांधून मोकळा झाला. मला हिऱ्यापेक्षा ते दुसरं यंत्रच जास्त आवडतं.