पाहुणे, यजमान आणि बेट

मराठीत ‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. पाण्याने वेढलेली जमीन हा एक. आणि एकाच ठिकाणी दाटीने वाढलेला बांबूंचा समूह हा दुसरा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलप्रदेशात हे दोन्ही अर्थ भेटतात. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात त्या फुगल्या की पलीकडच्या गावांचा इतर जगाशी असलेला संबंध तुटतो. अलीकडच्या वर्षांतही तो तुटत आला आहे. त्यामुळे बाहेरचा माणूस येथे यायचा तो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी परतायचा. या प्रदेशाविषयीचे बरेचसे मराठी लेखन अशा परतणाऱ्या पाहुण्यांचे आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षेने पुरेशी ध्यानात घेतलेली नाही, असे आम्हांला वाटते.

आरंभ आनंदवनापासून करावा लागेल. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. आनंदवन हेही एक बेटच होते. मात्र ते नदीने नव्हे, समाजाने निर्माण केलेले. वरोरा गाव जवळच असूनही कुष्ठरोग्यांनी पिकवलेल्या भाजीला तेथे गिऱ्हाईक मिळत नव्हते. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी इमारती बांधल्या, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तेथे पिकलेले अन्न जेवले. ते पाहिल्यावर वरोऱ्यातील लोकांची भीती हळूहळू ओसरू लागली. ज्याच्या हातचे पाणीही कोणी घेत नाही, त्याच्या पंगतीला बसणे ही पाहुण्याने यजमानाला दिलेली सर्वांत मोठी भेट ठरते. पुढे आनंदवनात मित्रमेळावे भरू लागले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्यासारखे स्नेही तेथे वारंवार येत राहिले, आणि पु. लं.च्या लेखणीमुळे आनंदवन मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. या स्वागतामागे स्वयंपाकघरात कोण राबत होते, हे मात्र समजून घ्यायचे तर साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’कडे वळावे लागते. पाहुण्यांच्या लेखनाला यजमानिणीच्या लेखनाची जोड दिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पाहुणचाराची दुसरी तऱ्हा सोमनाथला दिसते. मूल तालुक्यातील या प्रकल्पात साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली, आणि तीही ऐन मे महिन्यात. विदर्भातील मे म्हणजे काय, हे वाचकांस सांगणे नको. आपल्या रीतीप्रमाणे पाहुण्याला काम सांगत नाहीत. येथे मात्र आलेल्याच्या हाती कुदळ आणि घमेले दिले जाई. पाहुणेपण घामाने फेडावयाचे, ही कल्पना महाराष्ट्रातील अनेक तरुणांना प्रथम सोमनाथच्या उन्हात उमगली.

हेमलकशाचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि पुढे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे स्थायिक झाले. त्या काळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. आम्ही वर्गात हेमलकशाविषयीचे लेखन शिकवीत असताना त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, यात पाहुणे कोण? ते आमच्याकडे आले होते ना?’’ आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. शहरातून येणाऱ्याला आपण प्रकल्पाचे पाहुणे समजत होतो, आणि प्रकल्पच मुळात माडियांच्या मुलखात पाहुणा म्हणून आला होता, हे आमच्या ध्यानातून निसटले होते. माडिया गावात गोटुल असते. ते बैठकीचे ठिकाण असते, तसेच बाहेरून आलेल्या माणसाला उतरण्याची जागाही असते. म्हणजे अनोळखी माणसासाठी गावात छप्पर राखून ठेवण्याची रीत येथे आधीपासून होती. आपल्या लेखनात मात्र माडिया माणूस प्रामुख्याने रुग्ण म्हणून, भुकेला म्हणून, फार तर भाबडा म्हणून येतो. यजमान म्हणून तो क्वचितच येतो.

या संदर्भात विलास मनोहर यांचे लेखन वेगळे वाटते. तेही बाहेरूनच आले, पण ते राहिले. पावसाळा सुरू होण्याआधी परतणाऱ्याला जे दिसत नाही ते पाहण्याची संधी त्यांना मिळाली. ‘नेगल’मधील प्राण्यांचा सहवास आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’मधील माडिया तरुणाची कोंडी यांमागे हे वर्षानुवर्षांचे राहणे आहे. तरीही त्यांची लेखणी मराठी आहे आणि तिचा वाचकही बहुतांशी बाहेरचाच आहे, ही मर्यादा उरतेच.

सेवेचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. ज्या प्रदेशात डॉक्टर नव्हता तेथे डॉक्टर येऊन राहिला, याचे महत्त्व कोणत्याही वाङ्मयीन युक्तिवादाने कमी होत नाही. आमची सूचना एवढीच, की हे लेखन शिकवताना दोन साधे प्रश्न विचारावेत. येथे अन्न कोणी शिजवले? आणि पाऊस सुरू झाल्यावर मागे कोण राहिले? बांबूचे बेट दुरून अभेद्य भिंतीसारखे दिसते. जवळ गेल्यावरच त्यातला एकेक बांबू निराळा दिसू लागतो. आपण अजून दुरूनच पाहत आहोत, हे मान्य करण्यापासून तरी आरंभ व्हावा.