ग्वाल्हेरचं कॅप्टन रूपसिंग स्टेडियम : सचिनचं द्विशतक झालं आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबलं

सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक ठोकलं ते ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर. 24 फेब्रुवारी 2010 ची ती रात्र कुणी विसरलेलं नाही. पण त्यानंतर या मैदानावर एकही आंतरराष्ट्रीय सामना झालेला नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

मुळात हे मैदान हॉकीचं. रूपसिंग म्हणजे मेजर ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ. 1932 आणि 1936 अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघांत ते होते. 1932 मध्ये लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला 24-1 असं लोळवलं, त्यातले 10 गोल रूपसिंग यांचे, ध्यानचंद यांचे 8! पुढे ते शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते. थोरल्या भावाच्या सावलीत राहिलेल्या या खेळाडूचं नाव आज घेतलं जातं ते बहुतेक वेळा क्रिकेटमुळेच.

इथला पहिला एकदिवसीय सामना 22 जानेवारी 1988 रोजी वेस्ट इंडिजविरुद्ध झाला. एकूण सामने 12. 1993 मध्ये इंग्लंडच्या रॉबिन स्मिथने 129 धावा काढल्या, त्याला नवज्योत सिद्धूने नाबाद 134 ने उत्तर दिलं. 1996 च्या विश्वचषकात सचिनच्या 70 धावांच्या जोरावर भारताने विंडीजला हरवलं. आणि मे 1998 मध्ये केनियाने चक्क 69 धावांनी धूळ चारली, तीही इथेच.

मुंबईकरांसाठी आणखी एक आठवण. 1996-97 च्या रणजी करंडकाचा मुंबई-दिल्ली अंतिम सामना इथे प्रकाशझोतात, पांढऱ्या चेंडूवर खेळवला गेला. पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक मुंबईने नेला.

आता 2010 ची ती खेळी. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 147 चेंडूंत नाबाद 200, 25 चौकार, 3 षटकार. तोवर पुरुषांत 194 च्या पुढे कुणी गेलं नव्हतं. सईद अन्वर आणि चार्ल्स कॉव्हेंट्री दोघेही तिथेच थांबले होते. (महिलांमध्ये बेलिंडा क्लार्कने 1997 लाच मुंबईत नाबाद 229 केल्या होत्या, हेही सांगायला हवं.) शेवटी शेवटी स्ट्राइक धोनीकडेच जास्त होता, त्याने 35 चेंडूंत 68 कुटल्या. लोकांचा जीव मात्र टांगणीला! अखेर पन्नासाव्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर लँगेव्हेल्टला एक धाव घेऊन सचिनने 200 गाठल्या. भारत 3 बाद 401, विजय 153 धावांनी. डिव्हिलियर्सचं नाबाद 114 त्या गडबडीत झाकोळूनच गेलं.

सचिनचा विक्रम पुढच्याच वर्षी सेहवागने 219 धावा करून मोडला, तोही मध्य प्रदेशातच, इंदूरला. ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय सामना परत मिळायला मात्र 14 वर्षं लागली, आणि मैदानही नवं होतं. शंकरपूरच्या श्रीमंत माधवराव सिंधिया स्टेडियमवर 6 ऑक्टोबर 2024 रोजी टी-20 मध्ये भारताने बांगलादेशला 127 वर रोखलं आणि बाराव्या षटकातच 7 गडी राखून सामना संपवला.